मी भाकरी खाल्लो, मी भाकरी खाल्ली

धाराशिव जिल्ह्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात, उमरगा-लोहाऱ्याकडे, 'मी भाकरी खाल्लो', 'मी पुस्तक वाचलो', 'मी काम केलो' अशी वाक्ये सहज कानावर पडतात. बोलणारी बाई असेल तर ती 'मी भाकरी खाल्ले' म्हणते. परीक्षेच्या कागदावर मात्र 'मी भाकरी खाल्ली' असे छापलेले असते आणि खाली विचारलेले असते : प्रयोग ओळखा. पोलीस भरती, तलाठी भरती, जिल्हा परिषदेची पदे किंवा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षा यांची तयारी करणारी अनेक मुले इथे 'कर्तरी' हा पर्याय निवडतात. कारण त्यांनी एक खूण पाठ केलेली असते : कर्त्याला प्रत्यय नसला की कर्तरी, 'ने' लागला की कर्मणी. 'मी' या शब्दाला 'ने' दिसत नाही, म्हणून उत्तर कर्तरी. उत्तर चुकते आणि दोष बोलीवर जातो : आमची भाषा गावठी, आम्हाला व्याकरण कसे जमणार? हा निष्कर्ष चुकीचा आहे. चूक बोलीमुळे होत नाही, पाठ केलेल्या खुणेमुळे होते. फसव्या वाटणाऱ्या बहुतेक प्रश्नांत खूण कामी येत नाही आणि नुसता कानही कामी येत नाही. वाक्यातला एक शब्द बदलून पाहिला आणि त्याबरोबर दुसरे काय बदलते ते पाहिले, की उत्तर हाती येते.

प्रयोगाचा प्रश्न मुळात काय विचारतो ते आधी नीट समजून घ्या. क्रियापद कोणाच्या मागे जाते, एवढाच तो प्रश्न आहे. क्रियापदाचे रूप कर्त्याच्या लिंग, वचन, पुरुषाप्रमाणे बदलत असेल तर कर्तरी. कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलत असेल तर कर्मणी. दोघांनाही दाद न देता तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहत असेल तर भावे. आता 'मी भाकरी खाल्ली' हे वाक्य घ्या. 'मी' काढून 'आम्ही' घाला : 'आम्ही भाकरी खाल्ली'. क्रियापद हलले नाही. भाकरी काढून लाडू घाला : 'मी लाडू खाल्ला'. क्रियापद लगेच बदलले. म्हणजे ते कर्माच्या मागे आहे, प्रयोग कर्मणी. 'ने' का दिसत नाही, याचेही उत्तर यातच आहे. 'मी, आम्ही, तू, तुम्ही' यांची प्रथमेची आणि तृतीयेची रूपे आजच्या प्रमाण मराठीत सारखीच असतात. त्यांच्या जागी 'तो' घालून पाहिले की 'त्याने भाकरी खाल्ली' असे होते आणि लपलेली तृतीया उघड होते.

आता हीच कसोटी 'मी भाकरी खाल्लो' या बोलीतल्या वाक्याला लावा. 'आम्ही' घातले तरी 'खाल्लो'च राहते, पण तेवढ्यावर फसू नका, कारण पुल्लिंगी 'मी' आणि 'आम्ही' यांचे हे रूप एकच आहे. 'ती' घाला : 'ती भाकरी खाल्ली'. 'ते' घाला : 'ते भाकरी खाल्ले'. कर्ता बदलला की रूप बदलते. भाकरीऐवजी लाडू घेतला तर 'मी लाडू खाल्लो', क्रियापद तसेच. म्हणजे बोलीतले हे वाक्य सरळ कर्तरी आहे. त्यामागे गोंधळ नाही, नियम आहे. शेजारच्या कानडीत भूतकाळातही क्रियापद कर्त्यामागेच जाते, आणि शतकानुशतके दोन भाषा एका बाजारात वावरल्यावर अशी रचना रुळणे स्वाभाविक आहे. परीक्षार्थीच्या कामाची गोष्ट ही, की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच असूनही प्रयोग वेगळे आहेत. पुण्यात वाढलेल्या मुलाला 'प्रयोग अर्थावर ठरत नाही, क्रियापदाच्या वळणावर ठरतो' हे पुस्तकातून शिकावे लागते. उमरग्याच्या मुलाच्या तोंडात त्याचा पुरावा आधीपासून आहे. पुरावा आहे म्हणून परीक्षेत बोलीचे रूप लिहावे, असा याचा अर्थ नाही. उत्तरपत्रिकेवर रूप प्रमाण मराठीचेच हवे. पण प्रमाण रूप आणि आपले रूप शेजारी ठेवून फरक तपासण्याची सवय लागली, तर प्रयोगाचा भाग जड जात नाही.

प्रश्न काढणाऱ्याला हे सगळे माहीत असते, म्हणून तो अशी वाक्ये निवडतो जिथे कर्ता आणि कर्म यांचे लिंग-वचन एकच असते. 'ती साडी नेसली' यात दोन्ही स्त्रीलिंगी एकवचनी, मग क्रियापद कोणाच्या मागे आहे ते डोळ्यांना कसे कळणार? साडीऐवजी लुगडे घ्या : 'ती लुगडे नेसली'. लुगडे नपुंसकलिंगी असूनही 'नेसली' कायम, म्हणून कर्तरी. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की प्रयोग कर्मणीच, अशी दुसरी एक खूण मुले पाठ करतात. ती इथे मोडते. बोलणे, विसरणे, शिकणे, नेसणे, पिणे अशी थोडी क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याच्या मागे जातात : 'तो कविता विसरला', 'ती श्लोक शिकली', 'मी पाणी प्यालो'. 'म्हणणे' तर दोन्हीकडे जाते. 'ती म्हणाली' हे कर्तरी, 'तिने गाणे म्हटले' हे कर्मणी. ही यादी लहान आहे आणि ती पाठ करायला हरकत नाही. मात्र यादीतले क्रियापद आठवले नाही तरी लिंग बदलून पाहिल्यावर उत्तर मिळते, हे विसरू नका.

भावे प्रयोगात फसगत वेगळ्या ठिकाणी होते. 'मुलीने पत्र लिहिले' हे वाक्य दिसले की 'लिहिले'च्या एकारान्त रूपामुळे भावे वाटते. पत्राऐवजी चिठ्ठी घ्या : 'मुलीने चिठ्ठी लिहिली'. क्रियापद बदलले, म्हणजे कर्मणी. पत्र हा शब्दच नपुंसकलिंगी असल्यामुळे रूप तसे झाले होते. उलट 'शेतकऱ्याने बैलाला बांधले' यात बैलाऐवजी गाय घ्या, अनेक बैल घ्या, शेतकऱ्याऐवजी शेतकरीण घ्या, 'बांधले' जागचे हलत नाही. हा भावे. आणि बैलाचा 'ला' काढून 'शेतकऱ्याने बैल बांधला' केले, की तेच वाक्य कर्मणी होते. एक प्रत्यय जाताच प्रयोग बदलला. 'तू पोळी खाल्लीस' सारखे वाक्य आले तर दोन्ही बाजूंनी बदल करून पाहा. लाडू घेतला की 'खाल्लास', म्हणजे कर्माचा हात आहे. 'तू' काढून 'त्याने' घातले की शेवटचा 'स' जातो, म्हणजे कर्त्याचाही आहे. दोन्ही एकत्र असल्यामुळे याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. नाव लक्षात राहिले नाही तरी 'इथे दोघांचाही अंमल आहे' एवढे कळले, की चार पर्यायांतून योग्य नाव शोधणे अवघड नाही.

कर्ता शोधतानाही एक जुनी आणि चांगली युक्ती आहे. क्रियापदाच्या धातूला '-णारा, -णारी, -णारे' जोडून 'कोण?' असे विचारायचे. 'मला थंडी वाजते' यात वाजणारी कोण? थंडी. म्हणून कर्ता थंडी, 'मला' नव्हे. अर्थाने त्रास 'मला' होतो हे खरे, पण प्रश्न त्रास कोणाला होतो हा नाही. इथेही शंका आली तर बदल करा : 'आम्हाला थंडी वाजते', 'मला गारठा वाजतो'. पहिल्या बदलात क्रियापद ढिम्म, दुसऱ्यात 'वाजते'चे 'वाजतो' झाले.

विभक्तीच्या प्रश्नात रूप सारखे आणि काम वेगळे, अशी अडचण येते. द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय जवळपास सारखेच आहेत, म्हणून 'मुलाला' या शब्दाकडे पाहून विभक्ती कळणे अशक्य. 'आईने मुलाला झोपवले' आणि 'आईने मुलाला खाऊ दिला' ही दोन वाक्ये घ्या आणि 'ला' काढून पाहा. 'आईने मुलगा झोपवला' हे थोडे वेगळे वाटले तरी मराठीच राहते. 'आईने मुलगा खाऊ दिला' मात्र मोडते. जिथे 'ला' काढल्यावर वाक्य तगते तिथे तो शब्द थेट कर्म असतो, म्हणून द्वितीया. जिथे मोडते तिथे दान घेणारा असतो, म्हणून चतुर्थी. याच भागात आणखी एक सापळा आहे, आणि तो व्याकरणापेक्षा प्रश्न वाचण्यातला आहे. 'आम्ही नदीच्या काठाने चाललो' यात 'काठाने'ची विभक्ती विचारली तर तृतीया, आणि कारकार्थ विचारला तर अधिकरण, कारण काठ ही चालण्याची जागा आहे. 'मी उद्या सोलापूरला जातो' यात क्रियापदाचे रूप वर्तमानकाळाचे, पण अर्थ जवळच्या भविष्याचा. प्रश्नात 'रूप' आहे की 'अर्थ', हा एक शब्द डोळ्यांआड झाला तर पुढची सगळी हुशारी वाया जाते.

समासात एवढे थांबण्याची गरज नाही. शब्द एकटा दिला तर विग्रह करायचा, वाक्यात दिला तर वाक्यावर जायचे. 'तो पीतांबर नेसला' यात पीतांबर म्हणजे पिवळे वस्त्र, म्हणून कर्मधारय. 'पीतांबर भक्तांना पावला' यात तो विष्णू, म्हणून बहुव्रीही. तुळजापूरचे नवरात्र साऱ्यांना ठाऊक आहे : नऊ रात्रींचा समूह, म्हणून द्विगू. शब्दांच्या जातींचेही असेच आहे. 'तो नंतर आला' मधला 'नंतर' क्रियाविशेषण आणि 'जेवणानंतर' मधला शब्दयोगी. शब्दाला जन्मतः जात नसते, वाक्यातल्या कामावरून ती मिळते.

शुद्धलेखनात मात्र कानावर अजिबात विसंबू नका. या भागात पुष्कळांच्या उच्चारात 'ण'चा 'न' होतो, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तर महाराष्ट्रात कुठेच स्पष्ट ऐकू येत नाही. इथे शब्दाची घडण पाहावी लागते. 'महत्' अधिक 'त्व' म्हणून 'महत्त्व' यात दोन त. 'उत्' अधिक 'ज्वल' म्हणून 'उज्ज्वल' यात दोन ज. 'गुरू' एकटा असताना दीर्घ, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे असतात. पण 'गुरुदक्षिणा' या सामासिक शब्दात तो मध्ये गेला, म्हणून ऱ्हस्व. 'फूल' मधला दीर्घ ऊकार 'फुलाला' करताच ऱ्हस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये केलेले चौदा आणि 1972 मध्ये जोडलेले चार, असे अवघे अठरा नियम आहेत. शेकडो शब्दांची यादी घोकण्यापेक्षा हे नियम उदाहरणांसह दोनदा वाचणे कमी कष्टाचे आहे, आणि परीक्षेत न पाहिलेला शब्द आला तरी ते उपयोगी पडतात.

वाक्प्रचार आणि म्हणींकडे वळले की याद्यांचे राज्य सुरू होते. बाजारातल्या पुस्तकांत वाक्प्रचार वर्णानुक्रमाने छापलेले असतात आणि मुले ते त्याच क्रमाने पाठ करतात. परीक्षेत मात्र पर्याय वर्णानुक्रमाने येत नाहीत. ते एकमेकांच्या जवळचे अर्थ घेऊन येतात. म्हणून वाक्प्रचार कुटुंबाने शिकावेत. नाकाचे कुटुंब घ्या. नाकी नऊ येणे म्हणजे फार त्रास होणे. नाक मुठीत धरणे म्हणजे लाचारीने शरण जाणे. नाक घासणे म्हणजे नमते घेऊन क्षमा मागणे. नाकाने कांदे सोलणे म्हणजे उगाच शिष्टपणा दाखवणे. नाक सगळीकडे आहे, अर्थ क्रियापद ठरवते. हातांचेही तसेच : हात देणे ही मदत, हात टेकणे ही हार, हातावर तुरी देणे ही फसवून पळ काढण्याची कला. एका कुटुंबातले वाक्प्रचार शेजारी ठेवून वाचले की फरक मनात राहतो, एकेकटे वाचले की ते एकमेकांत मिसळतात.

म्हणींत सगळ्यात मोठी फसगत शब्दांच्या साम्याने होते. 'दुष्काळात तेरावा महिना' आणि 'आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास' या दोन्ही म्हणींत महिना आहे, दोन्हींत आधीच्या वाईटात भर पडते, म्हणून दोन्हींचा अर्थ 'संकटात आणखी संकट' असा धरला जातो. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पहिली म्हण समजावून सांगावी लागू नये. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो आणि वर्षाला तेरा महिने होतात. धान्य आधीच संपलेले, त्यात काढायला आणखी एक महिना. इथे माणूस निर्दोष आहे, परिस्थिती कठीण आहे. दुसऱ्या म्हणीत रोख माणसावर आहे : मुळात कामाची हौस नाही, त्यात आळसाला निमित्त मिळाले. आता अर्थ घोकण्याऐवजी दोन्ही म्हणी एका वाक्यात आलटून पालटून घाला. 'पीक करपले आणि त्यातच विहिरीवरची मोटार जळाली' या प्रसंगाला पहिली म्हण बसते. दुसरी घातली तर शेतकऱ्याला आळशी म्हटल्यासारखे होते. म्हण कोण कोणाबद्दल वापरते आणि तिच्यात सहानुभूती आहे की टोमणा, एवढे विचारले तर चारातले दोन पर्याय लगेच गळतात. 'बैल गेला आणि झोपा केला' या म्हणीतला 'झोपा' झोपेशी संबंधित नाही, तो गोठ्याला लावायचा कुडाचा आडोसा आहे. बैल गेल्यावर दार लावण्यात काय हशील, हा तिचा अर्थ. 'कच्चे मडके' म्हणजे अपरिपक्व माणूस हे तेरच्या परिसरातल्या मुलाला तर गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून पाहिल्याच्या आख्यायिकेवरूनच ठाऊक असते. शेती, जनावरे, आड, खळे यांच्यातून आलेल्या म्हणी ग्रामीण परीक्षार्थीला शहरी मुलापेक्षा जवळच्या आहेत. तिथे त्याने गुण सोडता कामा नयेत.

यावर पहिला आक्षेप वेळेचा असतो. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. 2023 च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांना दोन तास, म्हणजे 72 सेकंद, आणि त्या शंभरांत मराठीचे पंचवीस. एवढ्यात वाक्ये बदलत कोण बसणार? पण बदल करून पाहायला एक शब्द लागतो, तो मनात घालायला पाच-सात सेकंद पुरतात. वेळ जातो तो दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात, आणि घुटमळणे कसोटी नसल्यामुळे होते. ही सवय परीक्षा हॉलमध्ये लागत नाही, हे मान्य. रोज दहा वाक्ये घेऊन, प्रत्येकात आधी कर्ता आणि मग कर्म बदलून, काय हलले ते वहीत लिहिले तर महिन्याभरात हात बसतो. ज्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात तिथे तर कसोटी आणखी मोलाची, कारण सोडायचे की लिहायचे हे तीच ठरवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : पुस्तकांतच मतभेद असतील तर तर्क काय कामाचा? मतभेद आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 चे, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चे, आणि आज बहुतेकांच्या टेबलावर मो. रा. वाळंबे यांचे पुस्तक असते. वर्गीकरण सगळीकडे सारखे नाही. वर्णमालेचेच पाहा. जुन्या हिशेबाने बारा स्वर, दोन स्वरादी, चौतीस व्यंजने, मिळून अठ्ठेचाळीस वर्ण. 2009 च्या शासननिर्णयाप्रमाणे 'ॲ' आणि 'ऑ' धरून स्वर चौदा आणि 'क्ष', 'ज्ञ' मिळवून एकूण बावन्न. 'मराठीत स्वर किती?' या प्रश्नाखाली बारा आणि चौदा हे दोन्ही पर्याय असतील तर वाक्य बदलून काहीच हाती लागणार नाही. तिथे प्रश्नात शासननिर्णयाचा किंवा पारंपरिक वर्णमालेचा उल्लेख आहे का ते पाहावे, नसेल तर त्या परीक्षेच्या मागच्या अंतिम उत्तरतालिकांत कोणती संख्या धरली होती ती मानावी. असे प्रश्न थोडे असतात. प्रयोग, विभक्ती, समास, म्हणी यांच्या बहुसंख्य प्रश्नांत पुस्तकांचे एकमत आहे, आणि तिथे मतभेदाचे कारण सांगून तर्क सोडणे परवडणारे नाही.

उत्तरतालिकाच चुकीची आली तर? राज्य लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका लावतो. ऑनलाइन भरती परीक्षांतही हरकतीची मुदत असते, काही ठिकाणी त्यासाठी शुल्क असते. 'माझ्या पुस्तकात असे आहे' एवढेच लिहिलेली हरकत दुबळी ठरते. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात. प्रश्नातले वाक्य जसेच्या तसे. त्यातला कर्ता आणि कर्म आळीपाळीने बदलून केलेली दोन वाक्ये, क्रियापद कुठे हलले ते अधोरेखित करून. आणि मान्य व्याकरणग्रंथातील व्याख्या, पृष्ठक्रमांकासह. मुदत बहुधा काही दिवसांचीच असते, म्हणून पेपर देऊन धाराशिवला परतल्याच्या संध्याकाळीच शंकेचे प्रश्न आठवून वहीत उतरवून ठेवा आणि हरकतीचा मसुदा तालिका लागण्याआधी तयार ठेवा.